'व्यसन' या शब्दाचा जुना अर्थ

२०२५ च्या जुलै महिन्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला आणि केटामाइन या अंमली पदार्थाचा मोठा साठा जप्त केला. बातमी राज्यभर गाजली. तिचा मथळा जवळजवळ सर्वत्र एकच होता : सुमारे ८९ कोटींचा माल. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात खोपोलीजवळ मेफेड्रोन तयार करणारा कारखाना उघडकीस आला, तेव्हाही आकडा कोटींचाच होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली. तीही किलोंत आणि रुपयांत मोजली गेली. या प्रकरणांत कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालये ठरवतील. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो. या बातम्यांना कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. पण जो हा पदार्थ अखेर आपल्या शरीरात घेतो, तो माणूस त्यांच्या एकाही वाक्यात नाही. कोटींचा हिशेब मांडणाऱ्या भाषेला या माणसासाठी शब्दच नाही काय?

शब्द आहेत, आणि भरपूर आहेत. दारुडा, बेवडा, गर्दुल्ला, चरसी, गंजेटी. वर्षअखेरीच्या वर्तमानपत्रांत हमखास येणारा शब्द म्हणजे तळीराम : 'इतक्या तळीरामांवर कारवाई'. यांतला प्रत्येक शब्द हसवणारा किंवा हिणवणारा आहे. एकही शब्द आजारी माणसाला लावण्याजोगा नाही. मधुमेह झालेल्याला आपण मधुमेही म्हणतो, क्षय झालेल्याला क्षयरोगी म्हणतो. इथे मात्र पदार्थाच्या नावाला तुच्छतेचा प्रत्यय लावला की माणसाची सगळी ओळख पुरी होते. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालावे ते येथे. औषधोपचार डॉक्टरांचे काम आहे, बंदोबस्त पोलिसांचे. पण लाज ही शब्दांनी तयार होते, आणि लाज हीच उपचाराच्या वाटेवरची पहिली धोंड असते.

आपल्या भाषेतील नशेचे शब्द जरा उलगडून पाहिले तर त्यांत मोठी गंमत आहे, आणि शहाणपणही आहे. 'दारू' हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे; आजारी माणसाची दवादारू करणे म्हणजे त्याला मद्य पाजणे नव्हे. उलट 'औषध' हा अस्सल संस्कृत शब्द खेड्यापाड्यांत पिकावर फवारायच्या विषालाही वापरतात, आणि 'त्याने औषध घेतले' हे वाक्य कोणत्या स्वरात उच्चारले गेले यावरून रुग्ण सुधारला की दगावला ते ऐकणाऱ्याला कळते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्यप्राशनाचा जो परवाना मिळतो, त्याचे अधिकृत कारणसुद्धा आरोग्यरक्षण हेच आहे. 'अंमल' म्हणजे कारभार, सत्ता. अंमलदार आणि अंमलबजावणी हे त्याच घरचे शब्द. नशेचाही 'अंमल चढतो', म्हणजे माणसाच्या शरीरावर दुसऱ्याचा कारभार सुरू होतो. कारखान्यावर छापा पडतो तेव्हा सरकारचा अंमल दिसतो. पण माणसाच्या मज्जासंस्थेवर बसलेला अंमल छाप्याने उठत नाही.

औषध आणि विष एकाच शब्दात नांदतात, याचे कारण ते पुष्कळदा एकाच पदार्थात नांदतात. केटामाइनचेच पाहा. १९६२ मध्ये ते प्रथम तयार झाले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला भुलीचे औषध म्हणून मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भूल देण्याची मोठी यंत्रसामग्री नसलेल्या ग्रामीण शस्त्रक्रियागृहात ते विशेष उपयोगी पडते, कारण योग्य मात्रेत दिल्यास रुग्णाचा श्वास सहसा चालू राहतो. तेच औषध नशेसाठी वारंवार घेतले तर काय होते? माणूस स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखा होतो, भ्रम होतात, स्मृती ढासळते. आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही ते नुकसान मूत्राशयाचे आहे. त्याचे आतले अस्तर सुजते, सोलवटते, पिशवी आकसत जाते. दर थोड्या वेळाने लघवीला जावे लागते, वेदना होतात, रक्त पडते. काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. भारतात २०११ पासून केटामाइन अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे, आणि तरीही शस्त्रक्रियागृहातली त्याची जागा कायम आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्या दोन तालुक्यांना हे खरे तर कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. औषधाच्या इतिहासात बिरवाडी, पोलादपूर आणि महाड ही नावे आदराने घेतली जातात, ती डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यामुळे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी माणसे, विशेषतः मुले, पटापट दगावत. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या या तरुण डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या. विषाचा मारा अखेर हृदयावर होतो हे त्यांनी ओळखले, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध दंशावर वापरून मृत्यूंचे प्रमाण थक्क व्हावे इतके खाली आणले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांच्या कामाची दखल घेतली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे मुद्दा गौरवाचा नाही, पद्धतीचा आहे. त्या काळी गावोगाव विंचवावर मंत्र होते, उतारे होते. बावस्करांनी रुग्णाकडे बारकाईने, निर्विकारपणे आणि सहानुभूतीने पाहिले. दंश झालेल्याला त्यांनी 'अनवाणी का फिरलास?' असे विचारत बसण्यात वेळ घालवला असता, तर विंचवाचे मंत्र आजही चालू असते. नशेच्या बाबतीत आपण अजून मंत्रांच्याच काळात आहोत. फक्त आपले मंत्र शपथेच्या, फलकाच्या आणि घोषणेच्या रूपात असतात.

दर वर्षी २६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनी, महाविद्यालयांत कार्यक्रम होतात. शपथ होते, निबंध आणि भित्तिपत्रके होतात, प्रभातफेरी निघते. 'तरुणाई नशेच्या विळख्यात' हे त्या दिवसाचे ठरलेले वाक्य. तरुणांची काळजी करू नये असे कोण म्हणेल? पण आकडे जरा वेगळे बोलतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ या वयोगटात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, गांजा-भांग घेणारे ३ कोटींच्या वर आणि अफूपासून निघालेले किंवा तत्सम पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास, असे तिचे निष्कर्ष आहेत. १० ते १७ वयाच्या मुलांत मद्य घेणारे शंभरात एक-दीड; प्रौढांत शंभरात सतरा. म्हणजे वर्गात शपथ घेणाऱ्या मुलामुलींपेक्षा, त्यांच्या प्रवेशअर्जावर पालक म्हणून सही करणारी माणसे या प्रश्नाच्या अधिक जवळ आहेत. आणि त्यांच्यासाठी २६ जूनला कोणी काही बोलत नाही.

प्रौढ माणसाची नशा आपल्याला दिसत नाही, कारण ती कामाला जाते. मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर गाडी चालवणारा, रासायनिक कारखान्यात पाळीपाळीने झोपेची वेळ बदलणारा, मुंबईतली नोकरी सुटल्यावर गावच्या घरात परतलेला चाकरमानी, कंबरदुखीवर किंवा झोपेसाठी सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षे चिठ्ठीशिवाय घेत राहिलेली गृहिणी, यांच्यापैकी कोणीही भित्तिपत्रकावरच्या सांगाड्यासारखा दिसत नाही. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणावी लागली, ती उगाच नव्हे. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाची बाटली आणि झोपेची गोळी यांचा उगम चोरट्या धंद्यात असेलच असे नाही; त्यांची सुरुवात अनेकदा खऱ्याखुऱ्या दुखण्यातून होते.

आणि मशेरी? कोकणातल्या किती घरांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजण्याचा वास येतो, हे येथे कोणाला सांगायला हवे काय! दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर ठेवली जाणारी ही तंबाखू निकोटिनची रीतसर सवय लावते. पण ती स्त्रिया लावतात आणि घरात लावतात, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. बाजेवर बसून मशेरी लावणारी आजी आणि गुत्त्यावर बसलेला आजोबा यांच्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने फार अंतर नाही. अंतर आहे ते समाजाने दिलेल्या नावांत.

शरीरावर होणारे परिणाम पदार्थागणिक वेगळे असतात आणि ते नेमके माहीत असणे आवश्यक आहे, कारण 'नशा वाईट' एवढ्या सरसकट वाक्यातून कोणाचाच जीव वाचत नाही. मद्याने यकृत हळूहळू निकामी होते हे बहुतेकांना ठाऊक असते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरच्यांनी कोंडून ठेवलेला, गावकीसमोर शपथ घातलेला माणूस तिसऱ्या दिवशी असंबद्ध बडबडू लागतो, थरथरतो, त्याला नसलेली माणसे दिसू लागतात. आणि घरचे म्हणतात, बाहेरचे काही झाले. वस्तुतः त्या क्षणी त्याला मांत्रिकाची नव्हे, रुग्णालयाची गरज असते. हेरॉइन किंवा तत्सम पदार्थांची अधिक मात्रा श्वास बंद पाडते. काही महिने सोडून पुन्हा जुन्याच मात्रेने घेणारा सर्वाधिक धोक्यात असतो, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. सुईतून एचआयव्ही आणि कावीळ पसरते. मेफेड्रोनने झोप उडते, हृदयावर ताण येतो, संशय आणि भास सुरू होतात. गांजाने काहींच्या मनोविकाराला तोंड फुटते.

सामाजिक नुकसानीचा क्रमही तितकाच ठरलेला असतो. प्रथम उसनवारी, मग दागिना, मग शेताचा तुकडा. त्याच वेळी घरातल्या स्त्रीची मजुरी वाढते आणि मुलीच्या शिक्षणाचे वर्ष वाया जाते. आमच्या हजेरीपटावर एखाद्या नावापुढे सलग अनुपस्थितीच्या खुणा पडत जातात, तेव्हा त्या मुलीच्या नव्हे, तिच्या वडिलांच्या आजाराच्या खुणा असू शकतात.

मराठी वाचकाला व्यसनाचे नाव काढताच 'एकच प्याला' आठवणे स्वाभाविक आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना रडवले. आपण हे नाटक वर्गात शिकवतो ते शोकांतिका म्हणून : उदात्त नायक, त्याच्या ठायी असलेला एक दोष, अटळ विनाश. पतिव्रतेचा आदर्श, भाषेचा फुलोरा, तळीरामाचा विनोद आणि आर्यमदिरामंडळाचा उपहास यांवर प्रश्न विचारले जातात. पण रुग्णाचा इतिहास म्हणून हे नाटक वाचून पाहावे. सुधाकर पितो ते चैन म्हणून नव्हे. सनद गेल्याचा अपमान त्याला सहन होत नाही आणि त्या असह्य मनःस्थितीवर तळीराम त्याला 'इलाज' सुचवतो. म्हणजे पहिला प्याला औषध म्हणूनच येतो. पुढे सुधाकर सोडण्याचा निश्चय करतो, पुन्हा उभा राहू पाहतो. पण लौकिक गेलेल्या माणसाला प्रतिष्ठितांचे जग दारात उभे करीत नाही, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आजच्या व्यसनोपचारात ज्याला पुनःपतन म्हणतात त्याची सारी कारणे गडकऱ्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मांडून ठेवली आहेत : अपमान, बेकारी, जुनी सोबत, विश्वासाचा अभाव.

मग आपण ते का वाचत नाही? मला वाटते, शोकांतिकेची चौकटच आपल्याला आड येते. शोकांतिकेत शेवट अटळ असावा लागतो. सुधाकराने अखेर दारूतून विष घेतले पाहिजे, तरच पडदा नीट पडतो. प्रेक्षक हळहळतो, शुद्ध होतो आणि घरी जातो. परंतु घरी परतल्यावर शेजारच्या खोलीत जो सुधाकर असतो, त्याचा शेवट अटळ नसतो. त्याच्याकडेही शोकांतिकेच्या प्रेक्षकासारखे पाहणे म्हणजे त्याला जिवंतपणी पाचव्या अंकात ढकलणे होय. दुसरीकडे तळीराम हे विशेषनाम आपण सामान्यनाम करून टाकले. मद्यपी एक तर शोकनायक ठरतो, नाहीतर विदूषक. तिसरे काही, म्हणजे रुग्ण, होण्याची सोय आपल्या रंगभूमीने त्याला ठेवली नाही.

ती सोय मराठी गद्याने करून दिली. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर पुण्या-मुंबईत पसरली तेव्हा अनिल अवचट यांनी त्या माणसांत हिंडून, त्यांच्याशी बोलून लिहिले. 'गर्द' हे पुस्तक त्यातून झाले. त्या लेखनात टाहो नाही, उपदेश नाही. काय घेतो, कसे घेतो, पैसे कोठून आणतो, घरी काय होते, असे साधे प्रश्न आणि त्यांची साधी उत्तरे आहेत. लेखन तेथे थांबले नाही. डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही त्या संस्थेची पहिली ओळ. बरे झालेले रुग्णच तेथे पुढच्या रुग्णांचे समुपदेशक होतात, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. सिंधूला जे कधी मिळाले नाही ते येथे आहे : आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांशी मोकळेपणाने बोलण्याची जागा. बावस्करांची बिरवाडीतली नोंदवही आणि अवचटांचे 'गर्द' यांच्यात मला एक नाते दिसते. दोघांनीही निवाडा देण्याआधी निरीक्षण केले.

आता मूळ शब्दाकडे येऊ. 'व्यसन' म्हटले की आज आपल्याला वाईट सवय, नैतिक घसरण एवढेच सुचते. पण संस्कृतात या शब्दाचा एक प्रमुख अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या 'व्यसनां'बद्दल आहे. राजाच्या द्यूत-मद्यादी दोषांची चर्चा त्यात आहेच. पण आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचीही चर्चा त्याच अधिकरणात आहे. प्राचीन अर्थकोशात मद्य आणि महापूर एका रांगेत बसू शकत होते. आपण त्यातला महापूर काढून टाकला आणि दोष तेवढा ठेवला.

महापूर म्हणजे काय हे महाड-पोलादपूरला शिकवण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्या दिवसांत मदतीला आलेल्यांनी कोणाला विचारले नाही, की नदीकाठी घर का बांधलेस, डोंगराच्या पायथ्याशी का राहिलास? ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते नंतरचे. आधी दोर, होडी, अन्न, औषध. पूर ओसरल्यावरही कोणी पूरग्रस्ताला आयुष्यभर 'पूरग्रस्त' म्हणून चिडवले नाही. व्यसनाकडे आपत्ती म्हणून पाहायचे तर हाच क्रम लागू करावा लागेल : आधी बाहेर काढणे, मग पुन्हा पाणी शिरू नये म्हणून बांध घालणे, आणि कारणांची चौकशी करायची ती दोषारोपासाठी नव्हे, तर पुढच्या पुराच्या तयारीसाठी.

यावर दोन आक्षेप हमखास येतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा, की व्यसनाला आपत्ती किंवा आजार म्हटले की माणसाची जबाबदारी संपते. तो घरात मारहाण करील आणि म्हणेल, मी रुग्ण आहे. याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे : आजार हे हिंसेचे समर्थन नव्हे. सिंधूने मरताना सुधाकराचा गुन्हा लपवला, त्याला आपण शतकभर टाळ्या दिल्या. त्या टाळ्या आता थांबायला हव्यात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्यासाठी आहे, आणि तिची व मुलांची सुरक्षितता ही उपचारापेक्षा आधीची पायरी आहे. क्षयरोग्याला आपण दोष देत नाही. पण त्याने उपचार घ्यावा आणि तोंडावर रुमाल धरावा अशी अपेक्षा करतोच. रुग्ण आणि जबाबदार माणूस या दोन भूमिका एकमेकींना छेद देत नाहीत.

दुसरा आक्षेप बंदीवाल्यांचा. पदार्थच मिळाला नाही तर प्रश्नच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती स्त्रियांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. गावोगावच्या स्त्रिया बाटली आडवी करण्यासाठी झगडतात, त्यामागे त्यांच्या आयुष्याचा अनुभव आहे आणि त्याचा आदरच केला पाहिजे. पुरवठा रोखणे आवश्यक आहे; कारखान्यावरचे छापेही आवश्यक आहेत. पण ज्याचे शरीर आधीच पदार्थावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी केवळ पुरवठा बंद करणे म्हणजे उपचार नव्हे. गडचिरोलीतही बंदीनंतर वीस-बावीस वर्षांनी 'मुक्तिपथ'सारखा कार्यक्रम उभारावा लागला, ज्यात गावसंघटनेबरोबर उपचारही आहे, याचा अर्थ आपण समजून घ्यावा.

कायदा, निदान कागदावर, समाजाच्या पुढे आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे, हे सर्वांना ठाऊक; पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे किती घरांना ठाऊक असते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि उपचाराचा हक्क दिला. तरीही वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो. पोलादपूरच्या खोऱ्यातल्या माणसाला अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि गावात होणारी कुजबुज, एवढे सारे मोजून तो निघतच नाही.

कागदावरचा हक्क आणि पायरीवरचा हक्क यांत किती अंतर असते, हे महाडने देशाला दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला; पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर चालत जावे लागले. अस्पृश्यतेच्या अन्यायाची तुलना व्यसनी माणसाला सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेशी करता येत नाही, करूही नये. एक जन्मावर लादलेला अन्याय आहे, दुसरी आयुष्यात ओढवलेली अवस्था. पण ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे मानून स्वस्थ बसू नये, हा महाडचा धडा मात्र सर्वांसाठी आहे.

मग आपण, साहित्य शिकणारी आणि शिकवणारी माणसे, नेमके काय करू शकतो? फार मोठे काही नव्हे. 'एकच प्याला' शिकवताना एक प्रश्न जोडावा : रामलालला आजचे व्यसनोपचार ठाऊक असते तर कोणत्या प्रवेशात त्याने काय केले असते? विद्यार्थी या प्रश्नावर किती जिवंतपणे विचार करतात ते पाहावे. कारण त्यांतल्या काहींसाठी तो प्रश्न नाटकातला नसतोच. अवचटांचे गद्य अभ्यासक्रमात असो वा नसो, वाचायला द्यावे. २६ जूनच्या फलकावर कवटी रंगवण्याऐवजी दोन क्रमांक ठळक लिहावेत : व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' १४४१६. ते क्रमांक मुलांनी स्वतःसाठी नव्हे, तर घरी नेण्यासाठी लिहून घ्यावेत असे सांगावे. एकदम दारू तोडल्यावर झटके आले तर रुग्णालय गाठावे, हे एक वाक्य सूचनाफलकावर असावे. आणि आपल्या बोलण्यातून, लेखनातून, वर्गातल्या सहज विनोदातून तळीराम आणि गर्दुल्ला हे शब्द निवृत्त करावेत. समोरच्या बाकांवर त्या शब्दाचे मूल बसलेले असू शकते.

पुढचा छापा पडेल तेव्हा बातमी पुन्हा कोटींतच येईल. वर्तमानपत्रांची भाषा एका रात्रीत बदलणार नाही. पण ती बातमी वर्गात वाचून दाखवताना, या मालाची किंमत कोणत्या घरांनी आणि कशात मोजली असती, एवढा एक प्रश्न आपण तिच्यापुढे लिहू शकतो. व्यसनाला पुन्हा आपत्ती म्हणायला शिकलो, तर मदतीला धावणे हा त्यापुढचा शब्द आपल्याला आधीपासूनच येतो. २०२१ च्या पावसाळ्यात या दोन तालुक्यांनी तो वापरलेला आहे.